कॉम्प्युटर चाळीस मिनिटांनी बंद पडतो

२९ जानेवारी

श्रीयुत धाकटे बंधू यांस,

तुझ्या पुस्तकाची मुद्रितं मिळाली. एकशे बारा सुटी पानं, वर रबर लावलेलं. बाइंडरच्या मुलाने बापावरचं पुस्तक रबर लावून पाठवावं, यावर मी काही बोलत नाही. सोबत तुझी चिठ्ठी: 'ताई, काही चुका असतील तर वीस फेब्रुवारीपर्यंत कळव, त्यानंतर छापायला जाईल.' सहा वर्षांनी बहिणीला लिहिलेलं पहिलं धड वाक्य. डिसेंबरमध्ये एक कार्ड आलं होतं, पण ते कापडासाठी होतं, माझ्यासाठी नव्हतं.

चुका आहेत. कळवते.

पान चव्वेचाळीस. बाबा खळीत मोरचूद घालायचे ते बांधणीला कीड लागू नये म्हणून. रंग छान यावा म्हणून नव्हे. दुकानात तू फक्त कातरणांत लोळायला यायचास, तुला कुठून माहीत असणार?

पान त्र्याऐंशी. 'शेवटच्या आजारपणात घरच्यांनी त्यांची खूप सेवा केली.' घरचे म्हणजे कोण रे? मी आणि मांजर? बाबांचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा मुदतीआधी नोकरी कोणी सोडली? टेलिफोन एक्सचेंजच्या तक्रार कक्षात तीस वर्षं काढलेली बाई मी, नंतरची दोन वर्षं चार महिने बेडपॅन धुण्यात गेली. तू महिन्यातून दोन दिवस यायचास. संत्री घेऊन. ज्याला पाणी चमच्याने पाजावं लागतं त्याच्यासाठी संत्री.

शेवटचं प्रकरण सोडून पुस्तकात मी चार वेळा आहे. मोजलं. एकदा 'बहीण', एकदा 'थोरली', एकदा 'ताईचा आवाज दुकानापर्यंत ऐकू यायचा', आणि एकदा एका फोटोखाली 'डावीकडे', जिथे माझा अर्धा खांदा दिसतो.

शेवटचं प्रकरण मी वाचलेलं नाही. बाबांचा शेवटचा दिवस त्यात आहे, असं अनुक्रमणिकेवरून कळतं. तो दिवस मला तुझ्याकडून समजून घ्यायची गरज नाही. मी तिथे होते.

तेव्हा मी एक निवेदन लिहायला घेतलं आहे. शीर्षक, 'वस्तुस्थिती'. बाबांच्या आजारपणाची वही माझ्याकडे आहे. कोणती गोळी किती वाजता, कूस किती वाजता बदलली, कोण भेटायला आलं, किती मिनिटं टेकलं आणि जाताना काय सल्ला देऊन गेलं, सगळं तारीखवार आहे. निवेदनाच्या तीस प्रती काढीन. सगळ्या नातेवाइकांना, बाबांच्या जुन्या गिऱ्हाइकांना आणि एक तुझ्या प्रकाशकाला. वीस तारखेच्या आत. मग पाहू कोण कोणाच्या पुस्तकाचं कौतुक करतं.

अडचण एकच आहे. घरातून जाताना तू जो कॉम्प्युटर टेबलावर ठेवून गेलास, तो दर चाळीस मिनिटांनी बंद पडतो. आधी सूचना नाही, आवाज नाही. पडदा काळा होतो, घरघर थांबते आणि खोलीत एकदम शांतता. परवा सातवं पान गेलं. काल पुन्हा सातवं पान गेलं. हाताने लिहून का पाठवत नाहीस, असं तू म्हणशील. हाताने लिहिलं तर लोक म्हणतात बाई संतापली. छापलेलं असलं की त्याला निवेदन म्हणतात.

मी मदत मागत नाहीये. फक्त नोंद करून ठेवतेय.

शेवटी आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. लिहिलेत असं समज.

तुझी थोरली (पान बावीस)

३ फेब्रुवारी

श्रीयुत धाकटे बंधू यांस,

कार्ड मिळालं. उलटसुलट तीनदा वाचलं. मी तुझी अब्रू वेशीवर टांगायला बसलेय, तसं स्वच्छ अक्षरात तुला कळवलंय, आणि तू मला काय लिहितोस? 'ताई, दर पाच ओळींनी सेव्ह कर.'

आयुष्यभर ऑफिसांची मशीनं दुरुस्त करून तुझं डोकंही स्क्रू-ड्रायव्हरसारखं झालंय. समोर माणूस असला तरी त्याला स्क्रू कुठे आहे तेच बघणार.

असो. विचारलं आहेस तर उत्तरं देते, तक्रारीला उत्तर न देणं मला जमत नाही.

प्लग सैल नाही. काढून दुसऱ्या बोर्डाला लावून पाहिला. दोन्हीकडे तेच. इस्त्री किंवा गीझर चालू असताना बंद पडतो का? नाही. इस्त्री गेल्या रविवारपासून केलेली नाही, हे माझ्या साड्यांवरून कोणीही सांगेल. ठरावीक एखादं काम केलं की बंद पडतो का? नाही. मी टाइप करत असले काय, आणि नुसती बसून तुझा विचार करत असले काय, त्याला फरक पडत नाही. बंद झाल्यावर लगेच सुरू होतो का? नाही. लगेच बटण दाबलं तर उठतो आणि मिनिटाभरात परत आडवा होतो. दहा-पंधरा मिनिटं थांबलं तर मात्र काही झालंच नाही असा वागतो. या बाबतीत तुझ्यावर गेलाय.

मागच्या जाळीपाशी हवा खेळायला मोकळी जागा आहे का, असं विचारलं आहेस. भिंतीपासून चांगली वीतभर जागा आहे. पट्टी लावून मोजली.

आता कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात जे लिहिलं आहेस त्याबद्दल. बाबांच्या शेवटच्या ठाणातलं मरून रंगाचं कापड उंदरांनी खाल्लं, हे मी तुला डिसेंबरमध्येच कळवलं आहे. 'एखादा हातभर तुकडाही उरला नाही का' या प्रश्नाला उंदरांनी उत्तर दिलेलं नाही. तुला पहिली प्रत त्या कापडात बांधायची होती हे मला समजलं. मला खूप गोष्टी समजतात. प्रकाशनाला तू प्लॅस्टिकचं कव्हर घाल, तुझ्या पुस्तकाला तेच शोभेल.

अकरा पानं झाली आहेत. त्यांपैकी तीन दोनदा लिहिली. दर पाच ओळींनी सेव्ह करते आहे. याचे आभार मानायची माझी इच्छा नाही.

तुझी 'डावीकडे'

७ फेब्रुवारी

धाकट्या,

तू म्हणालास म्हणून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तू म्हणालास म्हणून नाही खरं तर, लिहिण्याच्या भरात सेव्ह करायचं राहिलं आणि पंधरावं पान गेलं म्हणून. त्या पानावर तू संत्री घेऊन आलेला एक पूर्ण रविवार होता. फार चांगला उतरला होता.

दुरुस्तीवाला पन्नाशीचा आहे, पोट सुटलेला, आणि प्रत्येक वाक्यानंतर 'बरं का' म्हणतो. येण्याची वेळ अकराची. मी दहालाच टेबल आवरून ठेवलं, परक्या माणसासमोर पसारा नको. त्याने कॉम्प्युटर सुरू केला, खुर्चीत बसला आणि वाट पाहू लागला. चाळीस मिनिटं झाली. पन्नास झाली. तास झाला.

"मावशी, हा तर चालतोय, बरं का."

"तुम्ही समोर बसलाय म्हणून चालतोय."

"मशीनला काय कळतं कोण बसलंय?"

"माझ्या भावाचं मशीन आहे. परक्यांसमोर शहाण्यासारखं वागायचं त्याला पक्कं माहीत आहे."

तो हसला. मी नाही. मग त्याने बाजूचा पत्रा उघडला. आत धूळ थोडी होती. छोट्या ब्रशने आणि फुंकणीने झाडली. पंखा फिरत होता. पंख्याखालचा लेप वाळलाय म्हणून नवा लावला. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. तो लेप लावायची त्याची पद्धत बाबांना आवडली नसती, भसाभसा ओतला. बाबा खळ लावायचे तेव्हा बोटाला लागलेली खळसुद्धा वाया जायची नाही. ते तू पुस्तकात लिहिलंयस, पान अडतीस. ते पान बरं आहे.

लेप लावताना बंद केला तेवढं सोडलं, तर दोन तास वीस मिनिटं कॉम्प्युटर चालला. दुरुस्तीवाला जाताना म्हणाला, "आता वर्षभर बघायला नको, बरं का." तो गेल्यावर मी खोली नेहमीसारखी लावली, चहा घेतला आणि लिहायला बसले.

अडतीस मिनिटांनी बंद पडला.

आता मला सांग, याचा अर्थ काय? मी काय करते जे तो माणूस करत नाही? बटणं जोरात दाबते असं म्हणू नकोस. कॉन्व्हेंटमध्ये टायपिंगच्या तासाला सिस्टर माझ्या मनगटावर पट्टी ठेवायच्या, पट्टी हलली की तीच पट्टी बोटांवर बसायची. माझी मनगटं आजही हलत नाहीत.

मला तर आता वाटायला लागलंय की जाताना तूच यात काहीतरी करून गेलास. तेरा दिवस उरले आहेत. एकोणतीस पानं झाली आहेत आणि नऊ राहिली आहेत. तुला काय वाटतं, मी पोचणार नाही?

ताई

११ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड काल आलं. एकच ओळ. 'दुरुस्तीवाला होता तेव्हा टेबलावर काय वेगळं होतं?'

हा प्रश्न तू कुठे शिकलास ते मला माहीत आहे. माझ्याकडून. तू शाळेत असताना मी ड्यूटीवरून येऊन जेवताना तक्रारदारांचे किस्से सांगायचे आणि तू हसून ताटात पडायचास. एक गृहस्थ आठवतात का? 'बाई, आमचा फोन आपोआप मेला.' मी विचारलं, कोणी हात लावला होता का? 'छे.' पडला होता का? 'मुळीच नाही.' पाणी? 'कसं शक्य आहे?' आणि लाइनमन घरी गेला तर फोन मुलाच्या बादलीत. तीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले, बिघाडाची तक्रार करणारा माणूस सगळं सांगतो आणि एक गोष्ट गाळतो. बिघाड त्या एका गोष्टीत असतो.

हे सगळं मी तुला जेवणाच्या टेबलावर फुकट शिकवलं आणि आज तू ते माझ्यावरच चालवतोयस. लाज वाटत नाही?

काहीही वेगळं नव्हतं.

ताई

१२ फेब्रुवारी

कातरण,

हे नाव मी सहा वर्षांत वापरलेलं नाही. बाबांनी तुला ते ठेवलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. सगळं कापून झाल्यावर कटरखाली जे उरतं ते हे, असं म्हणून त्यांनी तुला कापडात गुंडाळून मला दाखवलं होतं. तू पुस्तकात हे लिहिलं नाहीस. लाजलास का?

कालचं पत्र पेटीत टाकून घरी आले आणि ठेवून घेतलेल्या नकलेतून स्वतःचीच तक्रार पुन्हा वाचली, परक्या बाईची असावी तशी. वाचता वाचता हातातला चहा खाली ठेवावा लागला. 'टेबल आवरून ठेवलं.' 'खोली नेहमीसारखी लावली.' अशी बाई फोनवर आली असती तर मी तिला दोन मिनिटांत सोलून काढली असती.

तेव्हा ऐक.

आपल्या घरात उघडी वस्तू राहत नसे, हे तुला माहीत आहे. बाबा जाड कोशांना कापड चढवलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्या करायचे आणि उरलेल्या पुठ्ठ्यातून घरातल्या वस्तूंना. रेडिओला पेटी, घड्याळाला पेटी, माझ्या चष्म्याला पेटी, तुझ्या भोवऱ्याला पेटी. जानेवारीत समोरचा रस्ता खणायला घेतला आणि धुळीने घर भरलं. कॉम्प्युटर तर आता रोज लागणार होता. म्हणून मी त्याला पेटी केली. वरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून. समोर उघडी. मागे तारांपुरतं एक भोक, इतकं नेमकं की तार ओढूनच बाहेर काढावी लागते. कोपरे बाबांसारखे दुमडले. एकही सुरकुती नाही. तू पाहिली असतीस तर तुझा जळफळाट झाला असता.

मागची जाळी त्या पेटीच्या आत आहे. भिंतीपासून वीतभर जागा आहे हे खोटं नव्हतं. जाळीपासून पुठ्ठ्यापर्यंत बोटभरही नाही, हे मी सांगितलं नाही.

दुरुस्तीवाला यायच्या आधी पेटी काढून पलंगाखाली सरकवली. त्याला ती दिसली असती तर त्याने पुढे काही तपासलंच नसतं, हे मला तेव्हाही आतून कळत असावं. पण ती लपवायचं कारण वेगळं होतं. तो कुठे बोलला, कोणी तुला सांगितलं, तर? पेटी मरून कापडाची आहे.

उंदीर नव्हते. तुझं डिसेंबरचं कार्ड आलं त्या दिवशी ठाण माझ्या कपाटात होतं, नॅप्थलीनच्या गोळ्यांसकट. तू सहा वर्षं फिरकला नाहीस आणि तुझ्या पुस्तकाला नटवायला बाबांचं कापड हवं झालं, म्हणून नाकाला मिरच्या झोंबल्या. नाही म्हणाले असते तर तू पुन्हा मागितलं असतंस. म्हणून आधी उंदीर सांगितले आणि जानेवारीत कापड संपवलंच. दोन दिवस लागले. इतक्या आनंदाने मी वर्षानुवर्षं काही केलं नव्हतं.

आज सकाळी पेटी काढली. सकाळी नऊला सुरू केलेला कॉम्प्युटर आता दुपारचे दोन वाजले तरी चालू आहे. मागे हात धरला की गरम वारा लागतो. इतके दिवस हा बिचारा स्वतःचाच श्वास परत ओढत होता.

तू मला पहिल्याच कार्डात विचारलं होतंस. मला 'बघ, मी सांगितलं नव्हतं का' असं लिहू नकोस. लिहिलंस तर निवेदनाला परिशिष्ट जोडीन.

निवेदन थांबलेलं नाही. उलट आता अडवणारं कोणी नाही.

ताई

१५ फेब्रुवारी

कातरण,

कॉम्प्युटर तीन दिवस एकदाही बंद पडला नाही.

सदतीस पानं झाली. तीस लिफाफ्यांवर पत्ते लिहून झाले. प्रिंटिंगवाल्याशी बोलणं झालं, मंगळवारी देतो म्हणाला. फक्त शेवटचं पान राहिलं आहे.

ते काल सकाळी लिहायला घेतलं. तारीख टाकली. मग उठून चहा केला. मग मागच्या पानांतली विरामचिन्हं तपासली. मग पंख्याचा आवाज बदलल्यासारखा वाटला म्हणून बाजूचा पत्रा उघडून पाहिला. काही नव्हतं. आज पुन्हा बसले. तारीख होती. तिच्याखाली कर्सरची ती काठी लुकलुकत होती. चाळीस मिनिटं झाली, तास झाला, दोन तास झाले. मी वाट पाहत होते हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तो बंद पडायची.

तीन वाजता मीच बंद केला.

वही अजून कपाटात आहे. शेवटच्या दिवसाचं पान मी सहा वर्षांत उघडलेलं नाही. तुझं शेवटचं प्रकरणही रबरात तसंच आहे. आता दोन्ही काढते. निवेदन द्यायचं तर पुरावा बघायला हवा.

ताई

१६ फेब्रुवारी, सोमवार

कातरण,

दोन्ही वाचलं.

आधी वही. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत माझं अक्षर आहे. तीन वाजताची माझी नोंद: 'औषध आणायला जाते.' तिथून पुढे तुझं. जाताना मी तुला ओरडून सांगितलं होतं, सगळं वेळेसकट लिहून ठेव, नाहीतर तुझा काही भरवसा नाही. तू लिहिलंस.

'३.१० पाणी दोन चमचे.
३.३५ कूस बदलली.
४.१० "आली का?" विचारलं. येतेय म्हटलं.
४.२० पुन्हा विचारलं.
४.२५'

चार पंचवीसपुढे काही नाही. नुसती वेळ लिहून ठेवली आहेस.

मग तुझं प्रकरण. पान एकशे आठ. 'त्या दुपारी बहीण उशाशी बसली होती. त्यांचा हात तिच्या हातात होता. मी दारात उभा होतो.'

मी ती ओळ वाचली आणि हातातली पानं खोलीभर भिरकावली. मग एकेक गोळा केली. तू बांधून पाठवली असतीस तर गुडघे धरून खाली वाकावं लागलं नसतं.

तुला माहीत होतं. मला सहा वर्षं वाटत होतं की तुला माहीत असेल, आणि सहा वर्षं मी स्वतःला सांगत होते की नसेल. औषध आदल्या दिवशीच आणलेलं होतं. उशाजवळच्या खणात. त्या दुपारी तू तो खण उघडला असणार, कारण चमचा तिथेच असायचा. मी आले तेव्हा सव्वापाच वाजले होते. दुकानात रांग होती, असं मी दारातच म्हणाले, तू काही विचारलंही नव्हतंस. तू माझ्या मोकळ्या हातांकडे पाहिलंस आणि म्हणालास, "ताई, आत्ताच गेले." 'आत्ताच' म्हणालास. आणि संध्याकाळी लोक जमले तेव्हा सगळ्यांना सांगितलंस, ताई जवळ होती.

मी ते तसंच राहू दिलं. आठवड्याने मात्र तुला दोन दिवसांचा पाहुणा म्हणाले, चारचौघांत म्हणाले, आणि तुझ्याशी फोनवरसुद्धा बोलणार नाही असं सांगितलं. तू कॉम्प्युटर टेबलावर ठेवलास आणि गेलास. तुझं वागणं चुकलं म्हणून मी तुला घालवलं नाही. तू माझ्याकडे बघायचास ते मला सहन होत नव्हतं.

मी सिनेमाला गेले होते. दुपारचा खेळ. दोन वर्षं चार महिन्यांत पहिल्यांदा. तू आला होतास, बाबांना बरं वाटत होतं, आणि मला फक्त दोन तास अशा जागी बसायचं होतं जिथे मला कोणी हाक मारणार नाही. खरं सांगितलं असतं तर तू 'जा की ताई' म्हणाला असतास, आणि तुझ्या परवानगीने जायची मला लाज वाटली. सिनेमा अगदी भिकार होता. मध्यंतरानंतर मला झोप लागली.

आता माझं म्हणणं ऐक, आणि याला माया समजू नकोस. मी आजही तितकीच चिडलेली आहे, उलट जास्तच. पान त्र्याऐंशीवर माझी दोन वर्षं चार महिने तू 'घरच्यांनी' या एका शब्दात उरकलेस. ते माझं होतं, ते दिलं नाहीस. आणि पान एकशे आठवर जी दुपार माझी नव्हती ती मला दान केलीस. स्वतः दारात जाऊन उभा राहिलास. कोणी सांगितलं होतं? मला तुझी दया नको. मी तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहे.

तेव्हा पान त्र्याऐंशी दुरुस्त कर. 'घरच्यांनी' खोडून 'थोरल्या बहिणीने' कर. दोन वर्षं, चार महिने, आकड्यात नको, अक्षरात. आणि पान एकशे आठ दुरुस्त कर. बहीण सिनेमाला गेली होती, असं छाप. हात कोणाच्या हातात होता ते खरं छाप. हे केलं नाहीस तर लिफाफे तयार आहेत. वीस तारखेला सकाळी पोस्टात पडतील, आणि निवेदनाच्या अडतिसाव्या पानावर तुझ्या आधी मीच सगळं सांगितलेलं असेल. मग तुझ्या पुस्तकातलं ते एक सुंदर वाक्य खोटं आहे हे तीस घरांत कळेल. प्रकाशकाच्या घरीसुद्धा.

पार्सलमध्ये मरून कापड आहे. पेटी कोमट पाण्यात बुडवून ठेवली, खळ सुटली, कापड अलगद निघालं. बाबांच्या पद्धतीची खळ होती म्हणून, बाजारच्या गोंदाने चिकटवलं असतं तर फाटलं असतं. सावलीत वाळवून पाटाखाली दाबून ठेवलं होतं. एका प्रतीपुरतं सहज आहे. मधे तारांचं भोक आहे, तो भाग आत दुमडून घे. मोरचूद घातलेल्या खळीचा वास येईल, येऊ दे.

शेवटचं पान मी लिहिलेलं नाही. तारीख टाकली आहे, आणि खाली वहीतल्या तुझ्या नोंदी जशाच्या तशा उतरवल्या आहेत, चार पंचवीसपर्यंत. पुढे मला माहीत नाही. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं का? तू काय सांगितलंस? ते तू सहा वर्षं स्वतःजवळ ठेवलंस, पुस्तकातही माझ्या नावामागे दडवलंस. आता ते काढून घेतल्याशिवाय मी तुला सोडणार नाही. हाच माझा सूड आहे.

कार्डावर लिहू नकोस. त्यात तू तीन ओळींत उरकशील. फोन कर. नंबर जुनाच आहे.

हे पार्सल तुला बुधवारी मिळेल. गुरुवारी दुपारी तीन ते सव्वापाच मी घरीच आहे.

ताई